दोघांचं ‘व्हय’

परशरामचा फोन आला तेव्हा मी निपाणीत कॉलेजला शिकवायला निघालो होतो. स्क्रीनवर त्याचं नाव बघून नेहमीच्या सुरात म्हणालो, “काय रं, काल टाकलेला कोड बघितलास का न्हाय?” पलीकडून त्याच्या वडिलांचा आवाज आला, “आप्पा बोलतोय... पर्श्या गेला रं. सकाळी उठलाच न्हाय.” वडगावात त्याच्या विणकरांच्या गल्लीत पोहोचलो तर शेजारपाजारचे माग बंद. ती गल्ली इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर होतो. साडीच्या काठाची नक्षी चौकटींत मांडून मागासाठी तयार करणारं सॉफ्टवेअर आम्ही दोघांनी लिहिलं आणि ओपन सोर्स म्हणून सगळ्यांना खुलं केलं. कोणीही वापरावं, कोणीही दुरुस्ती सुचवावी. पण सुचवलेलं आत घ्यायचं की नाही, हे कोणी ठरवायचं? नियम मी केला. दोघांनी खाली ‘व्हय’ लिहिल्याशिवाय एक अक्षर बदलायचं नाही, आणि हा नियम बदलायलाही दोघांचं ‘व्हय’ हवं. परशराम हसला. “उताराच केलास की रं दोघांच्या नावावर!”

पुढे वापरणारे वाढले. शहापूरच्या सुवर्णाआक्का तर स्वतः माग चालवून, कोड आपला आपण शिकून दुरुस्त्या पाठवू लागल्या. दोन वर्षांपूर्वी परशरामनं प्रस्ताव लिहिला: पाच जणांची समिती, बहुमतानं निर्णय, आम्हा दोघांनंतर पहिलं नाव आक्कांचं. खडेबाजारात चहा पिताना म्हणाला, “आप्पा उभ्या धाग्यांचा ताणा संपला तरी माग मोकळा करत न्हाईत. जुन्या धाग्यांची टोकं ठेवतात, नव्याला गाठ माराय. आपल्यातला एक गेला तर गाठ कुठं मारायची रं?” मी उडवून लावलं. समितीत नुसती चर्चा होते, कामं अडतात, असं बरंच ऐकवलं. त्यानं कप ठेवला आणि चहाचे पैसे दिले.

खरं कारण वेगळं होतं. लग्नं, नोकऱ्या, दोन गावं... आमच्यात बोलणं असं फारसं उरलं नव्हतं. रोज सकाळी त्याचं ‘व्हय’ यायचं, तेवढंच. मला त्यात वाटेकरी नको होता.

तो गेल्यावर महिन्यानं आक्कांचा फोन आला. “भाऊ, लई वाईट झालं... पण नक्षी अजून उलटीच पडतीया. माझी दुरुस्ती कवा घेताय?” मी दुरुस्ती उघडली, खाली ‘व्हय’ लिहिलं आणि तसाच बसून राहिलो. सॉफ्टवेअरच्या किल्ल्या माझ्याकडेच होत्या, नियम मोडता आला असता. मन झालं नाही. पडून राहिलेली यादी खाली खाली बघत गेलो. अगदी तळाला त्याचा प्रस्ताव होता. त्याखाली त्याचं ‘व्हय’, दोन वर्षांपूर्वीचं. फक्त माझं राहिलं होतं.

मी लिहिलं.

आता समितीत चौघं आहोत, पाचवं नाव अजून कोणी सुचवलेलं नाही. आक्कांच्या मागावर काठ सरळ पडतो. बाकीचे ‘मंजूर’ लिहितात, कामं भराभर होतात, कशासाठी अडत नाही. मी मात्र सकाळी ‘व्हय’ लिहितो आणि सवयीनं थोडा वेळ स्क्रीन तशीच उघडी ठेवतो... खाली दुसरं यायचं असतं म्हणून.