चार पेशंट, आधी कोण?

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला पहिल्यापासून वैताग आहे. मी नर्स आहे. डोळ्यांदेखत माणसं गेलेली पाहिलीत, पण गेलेलं कुणी परत येऊन 'सिस्टर, माझी गोळी राहिली' म्हणालेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

मी नांदेडला एका छोट्या खासगी दवाखान्यात आहे आणि सरकारी भरतीची तयारी करते. माझी कॉलेजची मैत्रीण संगीता, मूळची चाकूरची, त्याच परीक्षेसाठी लातूरला क्लास लावून बसलीय. तिला एक खोड आहे. वेळकाळ न बघता फोन करायचा आणि 'हॅलो'च्या आधीच विचारायचं, "चार पेशंट हायेत. आधी कोणाकडं जाशील?"

हा आमच्या परीक्षेतला सगळ्यात डोकं खाणारा प्रश्न. चारही पर्याय बरोबर वाटतात. आम्हा दोघींचं उत्तर हमखास चुकायचं, कारण नोकरीत आम्ही एकच शिकलो होतो – ज्याचे नातेवाईक जास्त ओरडतात, त्याच्याकडे आधी जायचं. पुस्तकातल्या पेशंटला नातेवाईक नसतात हो! पेपर काढणाऱ्यांनी एकदा आमच्या वॉर्डात उभं राहून दाखवावं.

तर तो रविवार होता, भर दुपार. बायकांच्या वॉर्डात मी आणि साफसफाईच्या मावशी, दोघीच. मुतखड्याची एक बाई कळांनी तळमळत होती आणि तिचा दीर मला 'दवाखाना हाय का धर्मशाळा' विचारत होता. दुसरीकडून 'सलाईन संपलं, सलाईन संपलं' चालू. तिसरीला डिस्चार्जचा कागद हवा होता, खाली गाडी थांबलेली.

चौथी कोपऱ्यातली, इस्लापूरकडची पहिलटकरीण. सकाळीच मोकळी झाली होती. वारं लागू नये म्हणून तिच्या आईनं पंखा बंद केला होता, लेकीच्या कानाला रुमाल बांधला होता आणि डोक्यापासून पायापर्यंत गोधडी. मी तिकडे वळले तर आईनं लांबूनच हात केला – "आत्ताच डोळा लागलाय बाई, उठवू नका." म्हटलं बरं झालं, एक तरी पेशंट त्रास देत नाही. मुतखड्याचं इंजेक्शन भरायला घेतलं आणि खिशातला फोन वाजला.

न बघताच उचलला. संगीताच!

"चार पेशंट हायेत. आधी कोणाकडं जाशील?"

असा संताप आला म्हणून सांगू. "अगं बाई, ड्यूटीवर हाय मी! जी वरडून राहिली तिच्याकडं जाते. ठेव फोन."

"चूक," ती म्हणाली. "गोधडी काढ."

फोन बंद. मी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. मग कोपऱ्यात गेले आणि आई नको नको म्हणत असताना गोधडी ओढली. पोरगी पांढरीफटक, अंग गार घामानं ओलं, खालची गादी रक्तानं भिजलेली. पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी मऊ पडलेली, जी कडक लागायला हवी. मी पिशवी चोळायला लागले आणि मावशींना डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, रक्त चढवलं. संध्याकाळी पोरीनं डोळे उघडून बाळ मागितलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर पोरगी हातची गेली असती.

ड्यूटी संपल्यावर संगीताला फोन लावला. माझ्या फोनमध्ये तिचा दुपारचा कॉल दिसतच नव्हता. म्हटलं नेटवर्कचा घोळ असेल.

ती आधीच वैतागलेली. क्लासची टेस्ट होती, दुपारभर सगळ्यांचे फोन बंद करून सरांच्या टेबलावर. "मी कवा केला गं तुला फोन?" उलट माझ्यावरच चिडली.

बरं, मला भास झाला म्हणावं, तर मावशींनी रिंग ऐकलेली. 'ताई, कुणावर डाफरत होत्या?' असं त्यांनी मला नंतर विचारलंही होतं.

मग संगीता स्वतःहूनच सांगायला लागली. "आज पण तोच प्रश्न आला बघ. मुतखडा, सलाईन, डिस्चार्ज आन् झोपलेली बाळंतीण."

हे तर माझेच चार पेशंट! "तू काय लिहिलंस?"

"मुतखडा. ती वरडत होती न्हं. चुकलं का?"

म्हणजे जिच्या आवाजात मला बरोबर उत्तर मिळालं, तिला स्वतःला ते येतच नव्हतं! मग 'गोधडी काढ' म्हणालं कोण? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, सिस्टर, झोप घ्या. संगीता म्हणते, माझ्यामुळं वाचली, पार्टी दे.

आता संगीताचा फोन पहिल्या रिंगला उचलते. आणि वॉर्डात शिरले की आधी बाळंतिणींची गोधडी काढते. त्यांच्या आया चिडतात, वारं लागेल म्हणून माझ्यावर डाफरतात. डाफरू देत.