मेनकाकांचा आवाज

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळी आळी मेनकाका म्हणते. मी भावजी म्हणते, आणि फार संतापले की मीही मेनकाकाच म्हणते. अडतीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांच्या घरांत वायरी ओढल्या आणि स्वतःच्या घरात एकच कायदा चालवला: बाहेर पडताना मेन स्विच बंद. लग्नाला निघा, दवाखान्यात निघा, कोपऱ्यावरून दूध आणायला निघा, दाराबाहेर पाय पडला की मागून आवाज यायचाच, "मेन बंद केला का?"

आवाज म्हणजे काय आवाज! त्यांच्या धंद्यात तो लागायचाच. एक जण खाली मेनपाशी, दुसरा चौथ्या मजल्यावर शिडीवर. खालच्याने विचारायचं, "चालू करू का?" आणि वरून "कर" ऐकू आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. एकदा जोडीदाराने उत्तराची वाट न बघता मेन चढवला. त्या दिवसापासून भावजींच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. कानाला पेन्सिल अडकवलेली असायची, आणि जिथे काम करायचे तिथल्या बोर्डाच्या झाकणाला आतून बारीक अक्षरात लिहून ठेवायचे, कुठली वायर कुठल्या खोलीची, कधी बदलली. वीस वर्षांपूर्वीच्या घरात गेले तरी न बघता सांगायचे.

मागच्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ताई ते ऐकून खुर्चीत बसली ती बसलीच. मी मात्र कामाला लागले, कारण रडण्यापेक्षा यादी करायला मला बरं पडतं. मी एका कंपनीच्या मदत कक्षात आहे. सोळा वर्षं फोनवर लोकांना "बंद करून पुन्हा चालू करा" असं सांगते आणि त्याचा पगार घेते. माझा जुना लॅपटॉप मी भावजींना दिला, दोनशे वाक्यं लिहून काढली आणि ऑपरेशनच्या आधीच्या नऊ दिवसांत ती त्यांच्याकडून रेकॉर्ड करून घेतली. "पाणी हवंय." "दुखतंय." "दार लाव." बारा वाक्यं त्यांनी पदरची घातली. त्यातलं एक असं होतं, "तुझी बहीण आली, आता डोकं खाणार." नंबर दाबला की वाक्य वाजायचं.

ऑपरेशन नीट झालं. श्वासासाठी गळ्याच्या खाली एक भोक राहिलं आणि आत छोटीशी झडप बसवली. भोकावर बोट ठेवून बोलायला शिकलं की आवाज निघतो, पण तो घोगरा, खरखरीत, भलत्याच कुणाचा तरी. ते शिकवायला हॉस्पिटलात एक बाई आहेत. भावजी दर पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जातात. घरी मात्र लॅपटॉप बोलायचा. ताईने तर त्याच्यावर जीवच टाकला होता. जेवणं झाली की ती स्वतःच एकशे बारा नंबर दाबायची, "छान झालंय" ऐकायची आणि मग ताटं उचलायची. भावजी समोर बसलेले असायचे. मला ते तेव्हा गोड वाटायचं, ही माझी अक्कल.

दुसऱ्याच महिन्यात लॅपटॉपची बॅटरी फुगली. भावजींनी ती काढून वाळूच्या डब्यात पुरली आणि डबा गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवला. तेव्हापासून लॅपटॉप भिंतीतल्या विजेवरच चालायचा. भीती नव्हती, कारण घरातला कायदा तेव्हा बंद होता. भावजींचं एक औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागायचं, म्हणून ऑपरेशनपासून बाहेर जातानाही मेन चालूच राहायचा.

त्या गुरुवारी हॉस्पिटलात जायचं होतं म्हणून मी सकाळीच पोचले. लॅपटॉप कितीतरी दिवस अपडेट मागत होता. म्हटलं, आपण परत येईपर्यंत होऊन जाईल. बटण दाबलं, "याला कुणी हात लावू नका" असं बजावलं आणि ताईला घेऊन खाली गाडी बघायला गेले. निघताना पडद्यावर बासष्ट टक्के दिसत होते. भावजी पाच मिनिटांनी आले, खांद्याला त्यांची जुनी हत्यारांची पिशवी. हॉस्पिटलात पिशवी कशाला, हे मी विचारलं नाही.

शिकवणाऱ्या बाई त्या दिवशी खुशीत होत्या. "आज पूर्ण वाक्य बोलले," त्या ताईला म्हणाल्या. "घरीही असंच बोलत असतील ना?"

"घरी लॅपटॉप आहे ना," ताई म्हणाली. "उगाच गळ्याला ताण कशाला?"

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. भावजी खिडकीतून बाहेर बघत होते.

साडेबाराला परत आलो तर घर चिडीचूप. पंखा नाही, दिवा नाही. "अगं बाई, फ्रिज!" म्हणत ताई आत धावली. औषधाची जागा रिकामी. भावजींनी शांतपणे पिशवीतून थर्मास काढला, थर्मासातून बाटली काढली, पुसली आणि जागेवर ठेवली. मग मेन चढवला. माझ्याकडे वळून त्यांनी बोर्डाकडे बोट केलं आणि कपाळावर हात मारला. जुनी सवय, दुसरं काय, असं मी समजले. मला त्या वेळी थर्मासचं काही सुचलं नाही. मी लॅपटॉपकडे पळाले होते.

पडद्यावर ठिपके गोल फिरत होते. खाली ओळ आली, "अपडेट पूर्ण झालं नाही, बदल मागे घेत आहोत." मग पडदा काळा. मग कंपनीचं चिन्ह. मग तेच ठिपके, तीच ओळ. चार वेळा. पाचव्या वेळी मी मोजणं सोडलं.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगते. रोज फोनवर पहिला प्रश्न मी विचारते, "तुमच्या फाइलींची दुसरी प्रत आहे का?" आणि नाही म्हणणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालते. भावजींच्या आवाजाची दुसरी प्रत नव्हती. पुढच्या रविवारी करू, पुढच्या रविवारी करू, असं म्हणत चार महिने गेले होते. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, इथे तर दिवाच नव्हता. ताई दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हसून "होईल, होईल" म्हणाले. फोनवर असं म्हणायला मी शिकलेली आहे, समोर म्हणणं जड जातं.

बटण दाबून धरलं, तीन वेळा जबरदस्तीने बंद केला. एवढं छळलं की लॅपटॉप स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतो. आपोआप दुरुस्ती निवडली. वीस मिनिटं घेऊन "जमलं नाही" म्हणाला. जुन्या स्थितीवर परत जायचं बघितलं, तर तशी स्थिती साठवलेलीच नाही. जागा वाचावी म्हणून ती सोय मीच बंद केली होती. उरला एक मार्ग, अर्धवट बसलेलं अपडेट उपटून काढायचं. तो निवडला तर पडद्याने अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागितली. चोरीला गेला तर कुणी उघडू नये म्हणून लॅपटॉपला कुलूप मीच घातलं होतं. किल्लीचा फोटो माझ्याकडे होता, आणि तो त्याच लॅपटॉपमध्ये होता. तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवणारी बाई सोळा वर्षं लोकांना शहाणपण शिकवते आहे.

"भावजी, तो नंबर मी तुम्हालाही उतरवून घ्यायला सांगितला होता," मी म्हणाले. "कुठे लिहिलात?"

त्यांच्या खिशात एक वही असते, दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. त्यात लिहिलं, "आठवत नाही."

ताई पडद्यासमोर येऊन बसली. "म्हणजे गेला का गं आवाज?"

"कोण म्हणतं गेला?" मी म्हणाले. थोड्या वेळाने ती डोळे पुसत उठली. ड्रेसिंगच्या पट्ट्या संपल्या होत्या, त्या आणायला औषधाच्या दुकानात गेली. खरं तर तिला पडद्यासमोरून उठायचं होतं.

मी डोकं धरून बसले. या माणसाचा आवाज डॉक्टरांनी एकदा काढला आणि आता दुसऱ्यांदा मी काढला, हेच मनात फिरत होतं. आणि मग दुसरं काहीतरी फिरायला लागलं. आठवत नाही? या माणसाला? ज्याला परक्यांच्या भिंतीतल्या वायरी आठवतात त्याला?

मी उठले आणि बोर्डाचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला वरून खाली पेन्सिलीने सगळं घर लिहिलेलं होतं. स्वयंपाकघर, मागची खोली, गॅलरी. आणि सगळ्यात खाली, तारीख घालून, सहा सहा आकड्यांचे आठ गट.

"सापडला!" म्हणत मी वळले. भावजी खाली मान घालून बसले होते. आवाज परत मिळणाऱ्या माणसाचं तोंड तसं नसतं.

तेव्हा मला थर्मास आठवला. सवयीने मेन बंद करणारा माणूस आधी औषध बर्फात घालून पिशवीत भरत नाही.

"तुम्ही मुद्दाम बंद केलात," मी म्हणाले.

त्यांनी होय म्हणून मान हलवली.

मी फार बोलले. तीन तास माझं रक्त आटवलंत, मेनकाका. ताईला रडवलंत. नऊ दिवस मी तुमच्यासमोर बसून एकेक वाक्य भरून घेतलं, ते काय गंमत म्हणून? बसा आता मुके. हे शेवटचं तोंडातून निघालं आणि मी थांबले.

त्यांनी वही घेतली. बराच वेळ लिहीत होते. मग माझ्याकडे सरकवली.

"पहिल्यांदा घरी बोललो तेव्हा ती आत गेली आणि नळ सोडला. मला वाटलं, काम असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा. माझा आवाज आला की ती नळ सोडते. मग लॅपटॉप पुढे ठेवते. त्याच्याशी भांडते, त्याच्याशी हसते. माझ्याकडे बघत नाही. मी बोलायचं सोडलं."

खाली अजून एक ओळ होती. "कायमचा घालवायचा नव्हता. थोडे दिवस."

मला ताईचा राग आला, मग भावजींचा, मग स्वतःचा. एकशे बारा नंबर दाबणारी ताई डोळ्यांसमोर आली. तिने काही वाईट केलं नव्हतं. तिला तिचा नवरा हवा होता, आणि तो तिला त्या लॅपटॉपच्या डब्यात सापडत होता. डबा मीच आणून दिला होता.

"हे बघा," मी म्हणाले, "आवाज तुमचा आहे, पण रडणारी बहीण माझी आहे. मी तो वाचवणार. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा."

झाकणावरून एकेक गट वाचत आकडे भरले. कुलूप उघडलं. अपडेट निघायला पाऊण तास लागला. लॅपटॉप सुरू झाला. दोनशे बारा फाइली मोजून पेनड्राइव्हवर उतरवल्या. एकही वाजवून बघितली नाही, मला धीर झाला नाही. मग लॅपटॉप बंद केला, वायर काढली आणि पेनड्राइव्ह भावजींच्या हातात दिला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टेस्टरशेजारी ठेवला.

ताई आली ती थेट स्वयंपाकघरात. पट्ट्यांची पिशवी ओट्यावर टाकली, नळ सोडला आणि हात धुवायला लागली. "झालं का गं काही?" तिने तिथूनच विचारलं.

सोळा वर्षांत पहिल्यांदा मी कुणाचा प्रश्न तसाच सोडला.

भावजी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. वाकडी करंगळी बाजूला ठेवून पहिलं बोट गळ्यावर ठेवलं. आधी नुसती हवा निघाली. मग आवाज. भरडला गेलेला, तुटका.

"मेन... मीच... बंद केला."

ताईची पाठ आमच्याकडे होती. ती हलली नाही. पाणी पडत होतं. मला वाटलं, आता ती नळ अजून मोठा करणार, आणि मी उठून मधे पडायच्या तयारीत होते.

तिने नळ बंद केला. ओले हात पदराला न पुसताच वळली आणि पहिल्यांदा त्यांच्या गळ्याकडे, त्या बोटाकडे, मग तोंडाकडे बघितलं.

"पाण्यात ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "परत म्हणा."