शिंदीखालची बाई

आज आत्याचा तांब्या घासायला घेतला आणि चिंचेच्या कोळाचा तो आंबट वास नाकात शिरताच डोकं तडकलं. आठवणी गोड असतात म्हणे. असतील बापड्या कुणाच्या! माझी ही आठवण संतापाची आहे.

आत्या जन्मभर जैनथ गावाकडच्या काळ्या रानात दुसऱ्यांची वावरं निंदत राहिली. एकदा कपाशीत तिच्या खुरप्याला खट्‌कन काही लागलं. हिरवट पडलेलं, जाड काशाचं नाणं. एका बाजूला डोक्याला पानांची माळ बांधलेला, मान फुगवलेला राजा. दुसऱ्या बाजूला शिंदीचं झाड, झाडाखाली हातावर कपाळ टेकून बसलेली बाई आणि मागे भाला घेऊन उभा शिपाई. मी तेव्हा नवाच मास्तर. पुस्तकं चाळली आणि ऐटीत सांगितलं, "आत्या, रोमच्या राजाचं नाणं व्हय हे. त्यानं एक मुलूख जिकला, त्या खुशीत पाडलं."

ती कितीतरी वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "जिकला तं जिकला. पण आपुन जिकलो हे सांगाले रडती बाई काऊन लागते बाप्पा?"

शेताच्या धुऱ्यावर भाकर खायला आत्या त्या बाईसारखीच बसायची आणि मागे मालक काठी टेकून उभा असायचा, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. ते नाणं तिनं देवळीत ठेवलं, बाई वर करून. शेजारणी म्हणायच्या, चिंच लाव, लखलखीत होईल. ती खेकसायची, "अन् तिच्या डोयात गेली म्हंजे?"

मीच तिला गळ घातली. संग्रहालयात देऊ, चार लोक पाहतील. तिची अट एकच होती. "बाई वर ठेवजा म्हना. लई दिवस मातीत तोंड खुपसून होती ते." मी शब्द दिला. तिथल्या साहेबानंही मान डोलावली.

महिन्यानं जाऊन पाहतो तर काचेखाली राजा! शेजारी पाटी, विजयाचं नाणं. बाई खालच्या लाकडाला तोंड लावून पालथी. मी भांडलो. साहेब शांतपणे म्हणाला, "राजा का मूँ ही ऊपर रहता सार, रूल है." आग लागो त्या रूलला! कुठला कोण राजा, त्याचं राज्य बुडालं, आमच्याकडे निजाम येऊन गेला, जिल्ह्याचे तुकडे झाले, तरी याचं तोंड वरच? पण खरा संताप माझाच येतो मला. चार शब्द बोलून मी शेपूट घालून परत आलो. दारातच आत्यानं विचारलं, "दिसते का रे ते?" मी म्हणालो, "दिसते." पुढे दर वेळी ती विचारायची आणि दर वेळी मी तेच सांगायचो.

अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी तिनं माझा हात धरला. "लोक पाह्यतेत म्हंतोस. मंग रडनं थांबलं असंन ना तिचं?"

"थांबलं," मी म्हणालो. आत्याला बरं वाटलं. त्याच आठवड्यात ती गेली.

परवा पुन्हा जाऊन आलो. राजा वरच आहे.