मुलीचा बाप: बातमीदार

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही बातमी पोटात ठेवली नाही. माणसं पैसे खातात, शब्द गिळतात, अपमान पचवतात. आमच्या सासऱ्यांना यातलं काहीच जमत नसे. बातमी कानावर पडली की ती फळ्यावर उतरेपर्यंत त्यांना घास गोड लागायचा नाही. अमळनेरहून धुळ्याकडे येताना रस्त्यावरच त्यांचं गाव, आणि एसटीच्या थांब्यासमोर त्यांची पिठाची गिरणी. गिरणीच्या बाहेरच्या भिंतीला शाळेनं मोडीत काढलेला एक भला मोठा फळा त्यांनी ठोकून घेतला होता. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गावात वर्तमानपत्र यायचं ते दुपारच्या एसटीनं, आणि तेही कंडक्टरचं वाचून झाल्यावर. त्यात दिल्लीचं सगळं असे, पण गावातली कुणाची विहीर ढासळली, कुणाच्या घरी पाहुणे आले, याचा पत्ता नसे. ही उणीव भरून काढायची म्हणून सासऱ्यांनी फळा सुरू केला, आणि गावातल्या झाडून सगळ्यांना एका दिवसात बातमीदार नेमून टाकलं. दळण घेऊन यायचं, दळण होईपर्यंत बातमी सांगायची, आणि पीठ घेऊन जायचं. बातमी नसेल तर दळण होईपर्यंत उन्हात उभं राहायचं, सावलीतलं बाकडं बातमीदारांसाठी होतं.

फळ्याचे नियम तीनच. आलेली बातमी परत पाठवायची नाही, मग ती कितीही फालतू असो. प्रत्येक बातमीखाली देणाऱ्याचं नाव हवंच. आणि बातमी पटली नाही तर ती पुसायची नाही, खडू घ्यायचा आणि तिच्याखाली आपलं म्हणणं लिहायचं. वादाची बातमी ज्यानं दिली त्यानं स्वतः दुरुस्त करेपर्यंत फळ्यावरून हलत नसे. या शेवटच्या नियमानं गावात काय काय उत्पात घडवले ते काय सांगावं! एकदा बातमी लागली की ग्रामसेवक आज आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांनी खाली लिहिलं, "आलो होतो. कोणी भेटले नाही." त्याखाली लगेच तिसरं अक्षर: "आम्ही बठ्ठा तठेच बशेल व्हतूत." म्हणजे आम्ही सगळे तिथंच बसलो होतो. त्यानंतर ग्रामसेवक बिचारे आले की आधी फळ्यावर हजेरी लावायचे आणि मग ऑफिस उघडायचे. दुसऱ्या एका वेळी कुणाच्या तरी दोन कोंबड्या चोरीला गेल्याची बातमी होती. सकाळी तिच्याखाली अनोळखी अक्षरात मजकूर: "एकच. दुसरी आपोआप मागे आली." खाली नाव नव्हतं, म्हणून सासरे दिवसभर चिडलेले. चोरीबद्दल नव्हे हो, नाव नाही याबद्दल.

एका म्हाताऱ्या आजोबांच्या निधनाची बातमी तर आजोबा जिवंत असतानाच लागली. देणारा त्यांचा सख्खा पुतण्या, तेव्हा संशय घ्यायला जागा नव्हती. आजोबा काठी टेकत आले, चष्मा पुसून बातमी दोनदा वाचली, खडू मागून घेतला आणि खाली लिहिलं, "अजून नाही." पुतण्या काही दुरुस्ती करायला येईना, त्यामुळे नियमाप्रमाणे दोन्ही मजकूर कितीतरी दिवस फळ्यावर गुण्यागोविंदानं नांदत होते. मी पुढं कधीतरी सासऱ्यांना म्हटलं, "अहो, सरळ खोटी बातमी ती, पुसायची नाही का?" ते गंभीरपणे म्हणाले, "खोटी नव्हती जावईबापू. लवकर आली होती."

आता अशा माणसाच्या घरात लग्नाची मुलगी असली की काय होणार, याचा विचार तुम्हीच करा. एकुलती एक मुलगी. तिचं शुद्धलेखन चांगलं, म्हणून फळ्याचा अर्धा मजकूर तीच लिहायची. सासूबाईंना एकच घोर लागला होता की हिचं लग्न काही होत नाही. स्थळ आलं की एसटीतून उतरल्या उतरल्या पाहुण्यांना समोर फळा दिसायचा आणि त्यावर त्यांच्याच कार्यक्रमाचा वृत्तांत असायचा. जळगावकडचं एक चांगलं स्थळ, मुलगा इंजिनियर, जीप घेऊन आले होते. फळ्यावर लिहिलेलं, "आज पाहुण्यांना मिळणारा चहा शेजारच्या अक्कांनी केला आहे. मुलीचा चहा पांचट होतो. बातमीदार: मुलीचा बाप." पाहुण्यांनी तो चहा प्यायला, चांगला होता असं म्हणाले, आणि परत काही कळवलं नाही. चोपड्याहून आलेल्यांना कळलं की मुलीला सकाळी उठवायला दोन माणसं लागतात. पारोळ्याचे पाहुणे तर उतरलेच नाहीत, बसच्या खिडकीतूनच फळा वाचून पुढं धुळ्याला निघून गेले. कुणी म्हटलं, आबा, लग्न ठरेपर्यंत फळा झाकून ठेवा की, तर सासरे विचारायचे, "खोटं काय लिहिलंय ते दाखवा." सासूबाईंनी शेवटी निर्वाणीचं सांगितलं, "तो फया आठे राही ना, ते आंडेर बी आठेच राही." म्हणजे फळा इथं राहिला, तर मुलगीही इथंच राहणार. यावर सासरे गिरणीचा पट्टा सरळ करत म्हणाले, "राहू दे." हे एवढ्या पटकन म्हणाले की सासूबाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. माझ्या मनात ती पुढं बऱ्याच वर्षांनी चुकचुकली.

मी तेव्हा धुळ्याला पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात कारकून होतो. माझ्या मामांनी हे स्थळ आणलं आणि फळ्याचं अवाक्षरही काढलं नाही. मामा माझ्यासोबत उतरले आणि एकदम रसवंतीकडं वळले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. समोर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "आज धुळ्याचा मुलगा मुलगी पाहायला येत आहे. नोकरी सरकारी. स्वभाव गरीब असल्याचे समजते. केस विरळ." खाली नाव, बातमीदार म्हणून, माझ्या सख्ख्या मामांचं! मला असा काही संताप आला. गरीब स्वभाव मी एक वेळ सोडून दिला असता, पण केसांच्या बाबतीत मी तेव्हा फार हळवा होतो. बाकड्यावर दळणवाले बसले होते, त्यातल्या एकानं खडू पुढं केला. मी लिहिलं, "केस विरळ नाहीत. बसच्या खिडकीत बसल्यामुळे उडाले आहेत." नाव लिहिलं, हात झटकले आणि तरातरा आत गेलो. पिठानं पांढरे झालेले सासरे दारातच उभे होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि जरा नाराजीनंच म्हणाले, "परत नाही गेलात?"

पोहे झाले, चहा झाला (पांचट होता, म्हणजे तिनं स्वतःच केला होता), मोठ्या माणसांची बोलणी झाली. पाहुणे पुढं कळवतो म्हणाले, यजमान बरं म्हणाले, नेहमीचंच. आम्ही एसटीची वाट बघत बाहेर उभे राहिलो, तर फळ्यावर माझ्या दुरुस्तीखाली नव्या वळणदार अक्षरात एक ओळ आलेली: "विरळच आहेत. पण चालतील." खाली नाव मुलीचं. बाकड्यावरचे दळणवाले उठून फळ्याजवळ आले. सासरे गिरणी बंद करून बाहेर आले, वाचलं, पुन्हा वाचलं. आलेली बातमी परत पाठवायची नाही हा नियम त्यांचाच. बातमी मान्य म्हणून त्यांनी खाली सही केली तेव्हा त्यांच्या हातातला खडू मोडला. अशा रीतीनं माझं लग्न ठरलं. पत्रिका वगैरे नंतर, आधी गावाला फळ्यावर कळलं.

लग्न त्याच गावात झालं. वाजंत्री होती, उन्हाळा होता, धुळ्याची दोन ट्रक माणसं होती. पाठवणीच्या वेळी सासूबाई, अक्का, गावातल्या सगळ्या बायका हमसून हमसून रडल्या. हीही रडली. सासरे मात्र जवळ नव्हते, दळण अर्धं राहिलंय म्हणून गिरणीकडं गेले होते. लग्नाच्या दिवशी कुणाचं दळण असतं हो? पण आम्ही घाईत होतो, कुणी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी आम्ही पाचपरतावणाला हिच्या माहेरी गेलो. एसटीतून उतरलो तर फळ्यावर अजून लग्नाचीच बातमी. "गिरणीवाल्यांच्या मुलीचे लग्न पार पडले. वरण पातळ होते. पाठवणी वेळेवर झाली. मुलीचा बाप रडला नाही. बातमीदार: मुलीचा बाप." आणि त्याखाली वेडंवाकडं, सवय नसलेल्या हातानं लिहिलेलं, एकेक अक्षर सुटं: "रडना. गिरणीमांगे. मी देखं." म्हणजे रडला, गिरणीमागे, मी पाहिलं. खाली नाव सासूबाईंचं. हे अक्षर गावात कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण सासूबाईंनी तोवर फळ्यावर कधी खडू लावलाच नव्हता. वादाची बातमी हलवता येईना, म्हणून गावाच्या पाच दिवसांच्या घडामोडी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत दाटीवाटीनं बसल्या होत्या.

हिनं फळ्यासमोर उभं राहून दोन्ही मजकूर वाचले. तेवढ्यात सासरे बाहेर आले. एसटी उशिरा आली का, उन्हातून आलात, पाणी प्यायलात का, असं काहीबाही माझ्याशीच बोलत राहिले. ही म्हणाली, "आबा, यातलं खरं कुठलं?"

"त्या दिवशी मिरच्या कांडायला आल्या होत्या," ते म्हणाले. "तिखट उडतं."

"मग तसं लिहा."

बाकडं भरलेलं होतं. सासऱ्यांनी खडू घेतला, फळ्यापाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मिरच्यांचं काही त्यांना लिहिता येईना. इतकी वर्षं हा माणूस भराभर लिहायचा, आणि त्या दिवशी दोन-तीन शब्द लिहायला त्यांना किती वेळ लागला! मला फार वाईट वाटलं. स्थळं का पळत होती आणि मला पाहून ते नाराज का झाले होते, हे तेव्हा मला समजायला हवं होतं; पण नवा जावई, माझं लक्ष जेवणाकडं होतं.

लिहून झाल्यावर ते बाजूला झाले. "दुरुस्ती: थोडा रडला."

आता सासरे नाहीत, सासूबाईही नाहीत. त्या फळ्यावर शेवटपर्यंत तशीच राहिलेली सपशेल खोटी बातमी मला तरी एवढी एकच माहीत आहे. सगळ्या गावाला ती खोटी असल्याचं ठाऊक होतं. त्या वेळी सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी तर डोळ्यांनी पाहिलं होतं. खडू तिथंच फळ्याखालच्या कट्ट्यावर पडलेला होता. पण त्या 'थोडा'वर कुणीही हरकत घेतली नाही.