हातानं चालवायची गाडी

मी निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी दारासमोर ट्रॉलीभर मुरूम टाकून घेतला. गाडी उभी करायला जागा सपाट हवी म्हणून. चाकांच्या खुर्चीत बसून ते शेजारच्यांना सांगत होते, इथं अजून थोडा ओढा, तिकडं धुम्मस मारा. मी स्वयंपाकघरात धपाटे बांधत ऐकत होते. तीन वर्षांत त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला नव्हता.

साखरेच्या आजारात त्यांचा उजवा पाय मांडीपासून गेला आणि डाव्यात जोर राहिला नाही. त्याआधी तीस वर्षं त्यांनी सांगली-तासगाव वडापची जीप चालवली. ज्या माणसानं गावाला इकडून तिकडं नेलं त्याला दोघांनी उचलून रिक्षात ठेवायचं, हे त्यांना सोसेना. त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. मग भाच्यानं फोनवर एक गाडी दाखवली. तिच्या स्टिअरिंगखाली एक दांडा होता. तो ओढला की गाडी पळते, पुढं दाबला की थांबते. पायाचं कामच नाही. अशी वापरलेली गाडी आमच्या बाजूला शोधून मिळेना. मिळाली ती चेन्नईत.

ह्यांनी मालकाला फोन लावला तर पलीकडचा माणूस मराठीत बोलला. जुनं, पोथीतल्यासारखं, हेल तमिळ, पण मराठी. ते तंजावरकडचे, कित्येक पिढ्या तिकडंच राहिलेले. फोन ठेवून हे म्हणाले, "आपला माणूस आहे." त्याच दिवशी इसार पाठवला. गाडी आमच्यापैकी कुणीच डोळ्यांनी पाहिली नव्हती.

गाडी माझ्या नावावर करायची म्हणून सहीला मी हवी होते. इंजिन बघायला आणि गाडी घरी चालवत आणायला दत्तूभाऊजी, म्हणजे ह्यांचे जीपच्या अड्ड्यावरचे दोस्त. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त सोबत बसा. बोलायचं काम माझं." मला ते बरंच वाटलं. परक्या माणसासमोर माझा आवाज निघत नाही. पोलक्याला आतून खिसा शिवला, त्यात बँकेचा ड्राफ्ट ठेवला आणि वरून टाके घातले.

सांगलीहून एसटीनं सोलापूर, तिथून संध्याकाळची मद्रासची गाडी. जेजुरीच्या पलीकडं मी कधी गेले नव्हते. झोप लागली नाही. दर थोड्या वेळानं पोलक्यावरून हात फिरवायचा आणि ड्राफ्ट आहे ना बघायचं. उजाडलं तेव्हा बाहेरची माती लाल झाली होती आणि स्टेशनांच्या पाट्यांवर गोल गोल अक्षरं आली होती. पुढं ती अक्षरंही बदलली. दत्तूभाऊजी दहावी पास, मी चौथी पास. पण चेन्नईला उतरलो तेव्हा त्या पाट्यांपुढं आम्ही दोघं सारखेच उभे होतो. इंग्रजी पाटी ते एक एक अक्षर जुळवून वाचत होते, तोवर माणसं आम्हाला ढकलून पुढं जात होती.

मालकांनी फोनवर सगळं सांगितलं होतं. सेंट्रलमधून बाहेर या, समोर पार्क स्टेशन, तिथून मांबलम, आणि उतरल्यावर पश्चिमेचा जिना. आम्ही पूर्वेला उतरलो. तिकडं कपड्यांची आणि भांड्यांची एवढी दुकानं आणि एवढी माणसं की दत्तूभाऊजी दोन मिनिटं मला दिसेनासे झाले. फुलं विकणाऱ्या एका बाईला मी नुसतं "वेस्ट मांबलम?" असं विचारलं. ती तमिळमध्ये बरंच काही बोलली, मग माझा चेहरा बघून उठली आणि मला दंडाला धरून जिन्यापर्यंत सोडून गेली. भाऊजी जिन्याखाली घाम पुसत उभे होते. मला म्हणाले, "तुम्ही हरवला होता व्हय?"

पश्चिमेकडं वस्ती शांत. अरुंद गल्ल्या, प्रत्येक दारापुढं कोलम (आपली रांगोळी, पण तांदळाच्या पिठाची). गाडीचे मालक रघुनाथराव दारातच उभे होते. साठी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त, कमरेला पांढरी वेट्टी (लुंगीसारखं गुंडाळलेलं धोतर). त्यांची आई वरच्या मजल्यावर झोपाळ्यावर बसली होती. ऐंशीच्या पुढची असेल. तिनं मला जवळ बसवून गाव विचारलं, मुलं विचारली. तिचं निम्मं बोलणं मला कळत नव्हतं. पण पानात तिनं आपल्या हातानं उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर वाढलं आणि मी चमकले. आमच्याकडं ताकात कालवतात, एवढाच फरक. मला गहिवरून आलं. एवढ्या लांब येऊन डांगर खाल्लं, आता वाईट काय होणार, असं मनात आलं.

गाडी खाली उभी होती. पांढरी, धुतलेली, चकचकीत. रघुनाथरावांचा धाकटा भाऊ लहानपणी पोलिओ झालेला. त्यानं ती दहा वर्षं ऑफिसला नेली. मागच्या वर्षी तो वारला. दत्तूभाऊजींनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून कान लावला, गल्लीतून दोन चकरा मारल्या. खाली उतरले ते खुशीतच. "वहिनी, फर्स्टक्लास आहे. आत्ता निघालो तर उद्या संध्याकाळी मुरमावर."

त्यांनी ह्यांना फोन लावून गाडी चारी बाजूंनी दाखवली. फोनमध्ये ह्यांचा चेहरा एवढासा दिसत होता. ते म्हणाले, "दांडा दाखव. जवळून दाखव." दांड्याच्या मुठीला सायकलच्या हँडलचं काळं रबर चढवलेलं होतं, वापरून गुळगुळीत झालेलं. ते बघून हे नुसती मान हलवत राहिले.

कागद बाहेर आले. मी कोपऱ्यात वळून पोलक्याचे टाके उसवायला लागले, तेवढ्यात आई झोपाळ्यावरून काही बोलली आणि रघुनाथरावांनी पेन खाली ठेवलं. दीड वाजला होता. राहुकालम् (दिवसातला दीड तासाचा अशुभ वेळ) लागला होता. तीन वाजेपर्यंत सही नाही, किल्ली हातात देणं नाही. दत्तूभाऊजी चरफडले. पुढं बंगळूरचा घाट अंधारात नको होता त्यांना. पण म्हातारी ऐकेना. मग ते पानाच्या शोधात बाहेर गेले. रघुनाथराव आरामखुर्चीत टेकले. म्हातारीनं मला खूण केली, जा, बघ तुझी गाडी.

मी खाली जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसले. हे इथं बसणार. मूठ हातात धरली. आत कापूर आणि चंदनाचा दाट वास होता. सीटचा पट्टा ह्यांच्या पोटावरून पुरेल का हे बघावं म्हणून मी तो ओढला. ह्यांचं पोट सुटलेलं, म्हणून अजून ओढला, अगदी शेवटपर्यंत.

शेवटचा वीतभर पट्टा ताठ होता. रंग वेगळा. त्याच्यावर आडवी, मातकट रेघ होती. मी तो नाकाला लावला.

हा वास मला ठाऊक होता. कृष्णेचं पाणी आमच्या घरात छातीएवढं आलं होतं. ओसरल्यावर मी सगळं चार चार पाण्यांनी धुतलं. तरी दोन वर्षांनी ट्रंकेच्या बिजागरीतून तोच बारीक, पिठासारखा गाळ निघत होता. माझं शिवणयंत्र मी वाळवलं, तेल पाजलं, ते महिनाभर झकास चाललं. मग एका दिवशी कापड अर्ध्यात असताना चाक जागच्या जागी अडकलं. कारागिरानं खोलून दाखवलं, आतून सगळं गंजानं खाल्लेलं होतं.

मी सीटखाली हात घातला. सीट ज्या पट्टीवर सरकते तिच्या खाचेतून बोट फिरवलं. बोटावर पीठ आलं. मग वाकून दांड्याच्या खालच्या जोडाकडं बघितलं, जिथून तो ब्रेकला जोडलेला असतो. वरून नवा काळा रंग होता. नखानं खरवडला तर आतून तांबडी पापडी सुटली.

मी तशीच बसून राहिले. एक बोट साडीला न लागू देता बाजूला धरून. डोळ्यांसमोर मुरूम येत होता. काही न बोलता सही केली तर उद्या हे दारात गाडी बघतील. बोलले तर ज्या घरात आत्ता जेवले त्या माणसाला खोटं ठरवायचं, आणि घरी रिकाम्या हातानं जायचं. दत्तूभाऊजींनी इंजिन बघितलं होतं. मला गाडीतलं काय कळतं? तीन वाजायला थोडा वेळ उरला होता.

मी वर गेले. भाऊजी परत आले होते, कागद पुन्हा मांडले होते. मी उभीच राहिले आणि म्हणाले, "दादा, ही गाडी पाण्यात होती."

रघुनाथराव हसले. "पावसाचें थोडें पाणी. चाकांस लागलें असेल."

"सीटच्या वर होतं."

दत्तूभाऊजी म्हणाले, "वहिनी, मी चालवून बघितलीय. एवढी तुमची खात्री कशानं?"

मी बोट पुढं केलं. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "भाऊजी, ब्रेक चिकटला तर तुम्ही दोन पायांनी दाबाल. ह्यांनी काय करायचं?"

भाऊजी खाली गेले. पट्टा ओढल्याचा आवाज वरपर्यंत आला. ते परत आले ते माझ्याकडं न बघता कागद गोळा करायला लागले.

म्हातारीनं मुलाला तमिळमध्ये विचारलं. त्यानं हळू सांगितलं. मग ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि त्यानं चष्मा काढला.

त्यांचा भाऊ चेन्नईतल्याच वेलचेरीला राहायचा. खालच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं तेव्हा तो दवाखान्यात होता, गाडी काढायला कुणी नव्हतं. तो परत आलाच नाही. नंतर रघुनाथरावांनी खर्च करून इंजिन करवून घेतलं, आतलं कापड बदललं. भंगारवाला गाडी मागत होता, पण त्यांच्यानं देववेना. ते म्हणाले, "तुमचे यजमान फोनवर मराठी बोलले. वाटलें, आपल्या माणसाकडे जाते आहे. चालते आहे तर पाण्याचें कशास सांगूं."

आम्ही ज्या कारणानं फसलो होतो, त्याच कारणानं त्यांनी फसवलं होतं. राग आला होता, पण तो कुठं ठेवायचा ते मला कळेना. इसार त्यांनी न मागता परत केला.

ह्यांना फोन मीच लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "इंजिन चांगलं होतं म्हणतोय ना दत्तू?" मी हो म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

आम्ही चपला घालत होतो तेव्हा म्हातारी काहीतरी बोलली आणि रघुनाथराव खाली गेले. अर्धा तास लागला त्यांना. दत्तूभाऊजी आधी नुसते बघत उभे राहिले, मग स्वतःच पाना हातात घेऊन गाडीखाली शिरले. दोघं वर आले तेव्हा वेट्टीला काळे डाग पडले होते आणि हातात दांडा होता, मुठीसकट. रघुनाथराव म्हणाले की दांडा पोलादी आहे, त्याला काही झालं नाही. खालचे जोड तेवढे फेकून द्या, नवे करवून घ्या, क्लच नसलेल्या कुठल्याही चांगल्या गाडीला मिस्त्री बसवून देईल. त्यांच्या भावाला बसवून देणाऱ्या मिस्त्रीचा पत्ता त्यांनी कागदावर लिहिला, आणि खाली माझ्यासाठी देवनागरीत पुन्हा लिहिला. म्हातारीनं मुठीवरून एकदा हात फिरवला आणि तो दांडा जुन्या वेट्टीत गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवला.

परतीच्या गाडीत कुठल्याशा स्टेशनावर दत्तूभाऊजींनी माझ्यासाठी इडल्या आणल्या आणि म्हणाले, "पट्टा मी ओढून बघायला पायजे होता." ह्यांचा फोन आला नाही. मी लावला नाही.

दुपारी घरी पोचलो. हे मुरमावर होते. बरोबर मधोमध, खुर्चीत, जिथं गाडी उभी राहायची तिथं. त्यांनी आमच्या मागं रस्त्याकडं एकदा बघितलं. गाडी नाही हे माहीत असून बघितलं.

मी वेट्टी सोडून दांडा त्यांच्या हातात दिला. ते मूठ चाचपत राहिले. मग त्यांनी दांड्याचं खालचं टोक खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीला टेकवलं आणि तो सावकाश स्वतःकडं ओढला.

"ओढला की पळते?"

"हो."

त्यांनी तो पुढं दाबला. जोर लावून, हाताच्या शिरा फुगेपर्यंत दाबून धरला. "आणि हा ब्रेक."

"हो."

"हा पक्का पायजे," ते म्हणाले.

हे मी नातवाच्या उरलेल्या वहीत लिहिते आहे. गाडी अजून मिळालेली नाही, भाचा फोनवर शोधतो आहे. मद्रासमध्ये बघण्यासारखं काय होतं असं बायका विचारतात. समुद्र मी पाहिला नाही, देऊळ पाहिलं नाही. एक गल्ली पाहिली, एक घर पाहिलं, आणि माझा आवाज निघतो हे पाहिलं. मुरमावर आता गवत उगवतं. हे रोज सकाळी मला ते उपटायला लावतात, आणि मी उपटते.