तिनं ठेवलेला पासवर्ड

कॉम्प्युटर मीच फॉरमॅट केला. कुणी सांगितलं नव्हतं. बायको गेल्यापासून तो सुरू व्हायलाच वेळ लावायचा, मध्येच बंद पडायचा, आणि रिकामा माणूस काहीतरी उद्योग काढतोच. मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि पेन ड्राइव्ह खुपसून नवी विंडोज टाकली. तिचे फोटो, बचत गटाचे अर्ज, सगळं आधी काढून ठेवलं होतं. अख्ख्या बुलढाण्यात आपल्यासारखा इंजिनिअर नाही, अशा थाटात चहा करून प्यालो. मग पाहतो तर नेट नाही.

वायर काढली, फुंकली, परत लावली. फुंकल्यानं काय होतं माहीत नाही, पण आमच्या पिढीचा त्यावर विश्वास आहे. शेवटी पुण्याला मुलीला फोन लावला.

“बाबा, काऊन फॉरमॅट केलं तुम्ही? नेटचा पासवर्ड आईनं त्याच्यातच सेव्ह करून ठेवला होता ना!”

“मले काय मालूम? मी तर पुढं-पुढं दाबत गेलो.”

“युजरनेम पावतीवर असते. पासवर्ड आईनं तिच्या मनानं ठेवला होता. नेटवाल्याच्या ऑफिसात फोन करा, ते नवा देतात.”

नवा मला नको होता. नेट मोबाइलवर होतंच. मला हवा होता तो तिनं ठेवलेला शब्द. सेव्ह करायच्या आधी ती तो रोज टाइप करायची, तेव्हा मी शेजारी चहा पीत बसलेला असायचो. दिसायचे ते नुसते काळे ठिपके. विचारलं असतं तर सांगितला असता. विचारलं नाही.

आठ दिवस रोज जेवण झालं की मी बसायचो. मुलीचं नाव टाकलं, तिची जन्मतारीख टाकली. चिखलीच्या रेणुकादेवीचं नाव टाकलं. बायकोचं माहेर साखरखेर्डा; त्याचं इंग्रजी स्पेलिंग मी चार तऱ्हांनी केलं, चारही बहुतेक चूक. दर वेळी तोच एरर, ६९१. पासवर्ड चुकला.

नवव्या दिवशी हरलो. ऑफिसात फोन केला.

“जुना दिसत नाही का हो तुमच्याकडं?” मी विचारलं.

“नाही दिसत काका. नवा टाकून देऊ?”

“द्या,” म्हणालो.

नेट सुरू झालं. मुलीला व्हिडिओ कॉल लावला. काय-काय टाकून पाहिलं ते सांगत होतो, ती हसत होती. मग थांबली.

“तुमचं नाव टाकलं होतं का?”

“माझं कसं असंन, माय? तुही आई कवा घेत होती माझं नाव?”

खरंच घेत नव्हती. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी “ऐकता का”. शेवटच्या वेळी दवाखान्यात नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा तिला धाप लागली होती, तरी तिनं हात उचलून माझ्याकडे बोट केलं. नाव मीच सांगितलं.

“बाबा,” मुलगी हळू म्हणाली, “टाइप कराले तोंड लागते का?”

माझं नाव नुसत्या बोटानं रोज टाकायला, कुणाला ऐकू जाऊ न देता, यापेक्षा सोयीची जागा तिला दुसरी कुठं मिळाली असती?

“ठेवतो,” म्हणून कॉल बंद केला. चालू नेट तोडलं. नव्या पासवर्डच्या जागी माझं नाव टाकलं, एकेक अक्षर सावकाश. एकामागून एक काळे ठिपके उमटले.

६९१.

तिनं ठेवलेला शब्द हाच असता, तरी मी नवा घेतल्यावर आता हेच आलं असतं.