एकाच बांधीतले सारस

सारसांचं प्रजनन केंद्र तलावाच्या काठी होतं. मी कुडव्याहून स्कूटीने जायचे. तिथे फारसं बोलावं लागत नसे, म्हणून मला ते काम आवडायचं.

त्या वर्षी एक जोडी जमली. दोघं माना वर करून एकसुरात ओरडायचे. नर आणि मादी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी धानाच्या बांधीतून, म्हणजे बांध घातलेल्या शेतातून, अंडी म्हणून आणून दिलेले. त्यामुळे आम्ही त्यांना परके धरलं. पिसांवरून डीएनए तपासणी झाली तेव्हा कळलं, सख्खे बहीणभाऊ. सारस दरवर्षी त्याच बांधीत घरटं करतात हे आम्हाला पाठ होतं. अंडी कोणत्या बांधीतली, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.

आधीच पक्षी थोडे. रक्त जवळचं आलं तर अंडी वाया जातात, पिल्लं कमजोर निघतात. केंद्राचे सर म्हणाले, "मधे जाळी लावा." मीच लावली. मादी दिवसभर जाळीला चोच लावून उभी राहायची.

त्याच आठवड्यात आत्या मुलासाठी मला मागायला आली. आमच्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क पहिला. लहानपणी ती मला गमतीने सूनबाई म्हणायची, तेव्हा सगळे हसायचे. तिच्या मुलाला मी दादा म्हणायचे. आता कोणी हसत नव्हतं. बाबा तर जवळजवळ हो म्हणूनच बसले होते.

"काऊन वो पोरी, चूप काऊन बसून राहिली?" आत्याने विचारलं.

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "जवळच्या नात्यात मुलं कमजोर होऊ शकतात, आत्या. केंद्रात आम्ही पिसं तपासून एक जोडी जाळी लावून वेगळी केली. बहीणभाऊ निघाले."

"घे भाऊ!" आत्या बाबांकडे वळली. "घाल अजून इंग्लिश शाळेत. आता पोरगी पिसं तपासून नवरा पाहीन!"

चहा गाळता गाळता आईसुद्धा हसली.

"अन् काय वो, जाळी लावताना त्या पाखरायले विचारलं होतं?"

"नाही."

"मंग तुले कायले विचारावं?"

खोली पुन्हा हसली. पक्ष्यांच्या आड उभं राहायची जागाच तिने काढून घेतली होती. मग जे होतं तेच म्हणाले.

"मला नाही करायचं, आत्या."

आवाज एवढा बारीक निघाला की तिने ऐकलं नसेल असं वाटलं. पण तिने कप खाली ठेवला. पदर सावरला, पिशवी उचलली. "चाल भाऊ, स्टेशनवर सोडून दे मले."

बाबा गाडीची किल्ली घेऊन दारापर्यंत गेले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "केंद्रात फोन कर. तब्येत बरी नाही, कामावर येणार नाही म्हण."

किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.